कोण, कोणास म्हणाले?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू नेमकं काय करतेस ते एकदा सगळ्यांना समजेल असं सांग. तू दिवसभर मोबाइल बघतेस आणि त्याचा पगार घेतेस, एवढंच आम्हाला ठाऊक आहे." आरोप अगदीच खोटा नाही. राजकारणात लोक भाषा कशी वापरतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. सुरुवात निवडणुकीच्या सभांपासून झाली. मैदानात शेवटच्या रांगेत बसून मी भाषणं टेप करायचे आणि घरी येऊन एकेक वाक्य उतरवून काढायचे. पुढे सभा फोनमध्ये आली, तशी मीही फोनकडे वळले.

या कामात काय सापडतं, याचं एक साधं उदाहरण देते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तो असतो. हिंदीच्या 'हम'मध्ये किंवा इंग्रजीच्या 'वी'मध्ये हा भेद नाही. आपले पुढारी व्याकरण शिकलेले असोत वा नसोत, हा भेद त्यांना पक्का ठाऊक असतो. रस्ता 'आम्ही' केला, आता त्यांना धडा मात्र 'आपण' शिकवायचा! श्रेय स्वतःकडे, राग सगळ्यांच्या वाट्याला. आणि 'ते' म्हणजे कोण, हे बहुधा सांगितलंच जात नाही. ज्याने त्याने आपापल्या मनातला माणूस तिथे बसवायचा. सगळ्याच पक्षांचे लोक हे करतात, त्यामुळे इथे कोणी माझ्यावर रागावू नये.

पण सभेत निदान बोलणारा समोर उभा असायचा. छापील शब्दालाही धनी होता. 'केसरी'तल्या लेखांसाठी लोकमान्यांवर १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला आणि दुसऱ्या वेळी त्यांना सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढावी लागली. ती शिक्षा अन्यायाची होती, पण छापलेल्या शब्दांची जबाबदारी कोणाची, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

फोनवर फिरणाऱ्या मजकुराला असा धनी नसतो. आपल्या भाषेत एक छोटा, गुणी शब्द आहे, 'म्हणे'. "नदीपलीकडे बिबट्या आलाय म्हणे." या एका शब्दात बोलणारा कबूल करतो की, मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. मग ऐकणारा लगेच विचारतो, "कोण म्हणतं?" भाषाशास्त्रात अशा शब्दांचा गंभीरपणे अभ्यास होतो. जगातल्या कितीतरी भाषांत ऐकीव माहितीसाठी वेगळी खूण असते. पुढे ढकललेल्या संदेशात नेमका हाच शब्द गळतो. "बिबट्या आलाय" एवढंच उरतं, आणि तेही आपल्या ओळखीच्या माणसाच्या नावाखाली दिसतं. मजकूर अनोळखी माणसाचा आणि विश्वास मात्र भावजींवरचा.

याची किंमत काय असते, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातली. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फोनवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे जण मूल उचलून नेताना दिसत होते. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवटच कापून टाकला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने अशा संदेशांवर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. माझ्या दृष्टीने हे 'म्हणे' परत जोडणंच होतं. पण यंत्राने 'म्हणे' जोडलं तरी 'कोण' हे त्याने सांगितलं नाही. तो प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

आणि तो प्रश्न तर आपल्याला इथेच शिकवला गेला. मराठीच्या पेपरातला हमखास गुणांचा प्रश्न: 'कोण, कोणास म्हणाले?' पुढचा, 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या.' वाक्य कितीही सुंदर पाठ केलं असलं, तरी कोण आणि कोणास लिहिलं नाही तर बाई गुण देत नसत. मी आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना जी पद्धत शिकवते, ती त्याहून फार वेगळी नाही. हे वाक्य मुळात कोणाचं? कोणासाठी होतं? आधी-नंतर काय होतं? ते कापून कोणाचा फायदा झाला? मोठमोठ्या सिद्धांतांची नावं घेतली, तरी शेवटी विचारायचं हेच असतं.

आता थोडं घरचं. मागच्या निवडणुकीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर काय झालं, ते तुम्ही जाणता. दोन मित्र ग्रुप सोडून गेले. ते भांडण मी अभ्यासकाच्या सवयीने पुन्हा वाचून काढलं. ज्या मजकुरावरून ते भांडले, त्यातलं एकही वाक्य त्या दोघांपैकी कोणी लिहिलेलं नव्हतं. स्वतःच्या शब्दांत ते बोलले, ते थेट एकाच्या आईच्या आजारपणात, तेही फोन करून. आज दोघंही इथे बसले आहेत. नावं घेत नाही, पण बाईंना कळलं असेलच.

म्हणून एकच विनंती. राजकारणावर बोलू नका, असं मी सांगणार नाही. जरूर बोला, कडाडून बोला. पण स्वतःच्या शब्दांत बोला. दुसऱ्याचं पाठवायचंच असेल, तर आधी एक ओळ स्वतः टाका: हे कोणाचं आहे आणि मला ते का पटतं. ती ओळ लिहिता आली नाही, तर मजकूर तिथेच थांबवा. एवढं केलंत, तर आपल्या गुरुजनांनी तपासलेले पेपर वाया गेले नाहीत असं होईल.