चिपेची मोकळी टोके

दिव्यांची उघडझाप करण्यासाठी हौशी मंडळी ४०११ ही सीमॉस चिप आवडीने घेतात. तिच्यात चार ‘नँड’ द्वारे. काम बहुधा दोहोंतच भागते. उरलेल्यांचे प्रवेश मोकळे राहतात आणि घात होतो तो तेथेच. हा प्रवेश काचेसारख्या निरोधक थराआड असतो. तेथे साचलेल्या विद्युद्भाराला वाट मिळत नाही. नुसता हात जवळ नेला तरी तेथील दाब डळमळतो. मग आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात, बॅटरी विनाकारण झिजते, आणि दोष येतो बिचाऱ्या जोडणीवर! उपाय बिनखर्ची आहे. निरुपयोगी द्वारांचे प्रवेश धन वा ऋण टोकास जोडावेत. कामातल्या नँडचा एखादा प्रवेश उरला असेल, तर मात्र तो धनासच. ऋणास जोडल्यास त्या द्वाराचा निर्गम कायम उच्चच राहतो. रिकाम्या द्वारांचे निर्गम तेवढे मोकळे सोडावेत.