कमी साखरेचा स्कोन
(महोत्सवानिमित्त कर्वेनगर येथें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं खाण्यापिण्याविषयीं बोलण्याचें काम आमच्याकडे आलें, याचा आम्हांस मुळींच खेद नाहीं. मिस्सा आटोपल्यावर चहाच्या मेजाभोंवतीं हल्लीं दोन पंगती दिसतात : एक खाणाऱ्यांची, व दुसरी "आम्हांला साखर आहे हो" म्हणून नुसता पेला हातीं धरून उभी असलेली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक सांगितली आहे. या दुसऱ्या पंगतीस पहिलींत कसें आणावें, एवढाच आमचा विषय.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. त्याचा पूर्वीचा अवतार म्हणजे ओट किंवा जवाच्या पिठाची जाड, वाटोळी भाकर. आणि ती भाजली जाई तव्यावर! बेकिंग पावडर आली ती एकोणिसाव्या शतकांत. साखरेशीं त्याचा संबंध बेताचाच. गोडी हवी असेल त्यानें वरून मुरंबा लावावा. ज्या हिंगण्याच्या माळावर १९०० सालीं अण्णासाहेब कर्व्यांची झोपडी उभी राहिली, त्या या कर्वेनगरांत हें परकी खाणें कशाला, असें कोणी म्हणेल. पाव तरी पोर्तुगीजांबरोबरच आला ना? त्यास आज कोण परका म्हणतो?

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. श्रूझबेरी बिस्किटें किंवा नानकटाई यांचा खुसखुशीतपणा साखर व तूप यांवरच उभा असतो. साखर निम्मी केली कीं पदार्थ बिघडतो. स्कोन मात्र फुगतो बेकिंग पावडरीनें. साखर त्यास थोडा मऊपणा व तांबूस रंग देते. पैकीं रंग वरून दुधाचा हात फिरविल्यानें येतो, आणि मऊपणा हलक्या हातानें मळल्यानें. पोळीच्या कणकेप्रमाणें तिंबल्यास स्कोनचा दगड होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या कमी साखरेस!

आठ स्कोनांस मैदा २२५ ग्रॅम (निम्मी कणीक चालते, मग दूध किंचित् अधिक लागतें), बेकिंग पावडर ३ लहान चमचे, चिमूटभर मीठ, थंड लोणी ५५ ग्रॅम व दूध १५० मिलिलिटर घ्यावें. इंग्रजी पद्धतींत यास साखर बहुधा २५ ग्रॅम. आम्ही १० घालतों. लोणी पिठांत बोटांनीं चोळून रवाळ करावें, साखर व थोड्या मनुका मिसळाव्या, दूध ओतावें आणि गोळा जमतांच हात थांबवावा. अडीच सेंटिमीटर जाड थापून लहान वाटीनें कापावें व २२० अंश सेल्सिअसच्या भट्टींत १२ ते १५ मिनिटें भाजावें. घरीं भट्टी नसेल त्यांनीं जाडी निम्मी ठेवून, लोखंडी तव्यावर मंद आंचेवर, झांकण घालून दोन्ही बाजू पांच-पांच मिनिटें शेकाव्या.

आतां हिशोब पाहूं. २५ ग्रॅम साखर आठांत वांटली तर प्रत्येकीं तीन ग्रॅम पडते. पण वर फासलेला मोठा चमचाभर जॅम दहा ग्रॅमच्या आसपास साखर आणतो, आणि दोन चमचे साखरेचा चहा आणखी आठ! जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारांत अशी साखर ५० ग्रॅमच्या आंत, आणि साधल्यास २५ च्या आसपास असावी. तेव्हां खरा चोर जॅमच्या बाटलींत आहे. त्याऐवजीं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ठेंचून लावावी, किंवा नुसता चक्का.

कित्येक भगिनी साखर काढून गूळ किंवा मध घालतात व निर्धास्त होतात. मधुमेह्याला त्याचा उपयोग नाहीं, तीहि साखरच. मैद्याचीहि पोटांत साखरच होते, म्हणून साखर अजिबात वगळली तरी मधुमेह्यानें एकावर थांबावें, आणि तोहि आपल्या डॉक्टरांस विचारून.

एक अडचण उरते. साखर ओलावा धरून ठेवते; ती कमी केली कीं स्कोन लवकर सुकतो. यास्तव सकाळीं भाजलेले त्याच दिवशीं संपवावे; उरलेच तर दुसऱ्या दिवशीं आडवे कापून तव्यावर शेकावे.