आफ्रिका : आपला समुद्रापलीकडचा शेजारी
(पेण येथे विद्यार्थी व पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



आफ्रिका म्हटले की घनदाट जंगल, सिंह आणि दुष्काळ एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक आपल्या रायगड जिल्ह्याचे या खंडाशी शेकडो वर्षांचे नाते आहे. ते समजावून घ्यावे, एवढ्याच हेतूने मी आपणापुढे उभा आहे.

प्रथम भूगोल पाहू. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट आहे. विषुववृत्त, कर्कवृत्त व मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात असा हा एकमेव खंड. मध्यभागी काँगो नदीचे पर्जन्यवन, उत्तरेस सहारा आणि दक्षिणेस कलहारी हे वाळवंट. नाईल नदी सुमारे ६,६५० किलोमीटर वाहते. किलिमांजारो हे ५,८९५ मीटर उंचीचे शिखर विषुववृत्ताजवळ असूनही त्यावर बर्फ आहे. या खंडात आज ५४ स्वतंत्र राष्ट्रे असून बोलल्या जाणाऱ्या भाषा दोन हजारांच्या घरात आहेत. तेव्हा ‘आफ्रिकेची भाषा’ किंवा ‘आफ्रिकेचा पोशाख’ असे एका दमात म्हणणे बरोबर नाही.

आपल्याला या खंडाशी जोडले ते मोसमी वाऱ्यांनी. हिवाळ्यात ईशान्येचा वारा गलबतांना आफ्रिकेकडे नेई व नैर्ऋत्येचा वारा परत आणी. रोह्याची कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथेच चौलचे प्राचीन बंदर होते. दहाव्या शतकात अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला, आणि त्याने पूर्व आफ्रिकेचा किनाराही पाहिला होता. त्या किनाऱ्याची भाषा स्वाहिली. हे नावच अरबीतील ‘किनारे’ या अर्थाच्या शब्दापासून आले. पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, वाहनाला ‘गारी’ आणि चपातीला चपातीच म्हणणारी ही भाषा आपल्याला परकी कशी वाटावी?

इथिओपियास अरबीत हबश म्हणत, त्यावरून ‘हबशी’ शब्द आला. पुष्कळ हबशी गुलाम म्हणून विकले जाऊन येथे आले. हा व्यापार अनेक देशांच्या लोकांनी केला. त्यात आपल्या देशातील खरेदीदारही होते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्यांतीलच मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने मोगलांना दीर्घकाळ थोपविले, जमीन महसुलाची व्यवस्था लावली, खडकी शहर वसविले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. मुरूडच्या जंजिऱ्यावर सिद्दींनी राज्य केले. त्या मुलखाला ‘हबसाण’ हे नावच पडले होते. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये मोठी मोहीम काढली. तरी किल्ला हाती आला नाही. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

आता वसाहतींचा इतिहास. १४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीहून वाटाड्या घेऊन कालिकतला आला. पुढे ज्या पोर्तुगीजांनी रेवदंडा व कोर्लई घेतले, त्यांनीच मोझांबिक घेतले. आपला किनारा १७४० मध्ये त्यांच्या हातून सुटला. मोझांबिकला मात्र १९७५ पर्यंत थांबावे लागले! अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंडली गेली. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे १४ सत्तांची परिषद भरली व वाटणीचे नियम ठरले. आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. नकाशावर पट्टीने रेषा ओढल्या गेल्या, आणि एकट्या सोमाली समाजाची पाच तुकड्यांत विभागणी झाली. १९१४ पर्यंत इथिओपिया व लायबेरिया एवढेच देश स्वतंत्र उरले. त्यांपैकी इथिओपियाने १८९६ मध्ये अडुवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव केला होता.

याच काळात कोकणातील मुसलमान पोटापाण्यासाठी केपटाउनला गेले. तेथे आजही ‘कोकणी’ म्हणून ओळखला जाणारा समाज आहे. १९०२ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्यास युरोपीय भाषेत लिहिता येणे सक्तीचे केले. आपल्या भाषेत साक्षर असलेला मनुष्यही त्या बंदरावर निरक्षर ठरू लागला. नंतर वर्णभेदाच्या राजवटीने वस्त्याही रंगावरून वाटल्या. १९६० या एका वर्षी १७ आफ्रिकी देश स्वतंत्र झाले. दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताधिकार मिळण्यास १९९४ उजाडले.

मित्रांनो, हे सारे सांगण्याचे कारण एकच. शाळेच्या मैदानावर एखाद्या सावळ्या मुलाला ‘हबशी’ म्हणून चिडविलेले मी ऐकतो. ज्या शब्दाने एका देशाचे, एका मुत्सद्द्याचे आणि आपल्याच जिल्ह्यातील एका राज्याचे स्मरण व्हावे, त्याची आपण शिवी केली आहे. ही शिवी पाठ्यपुस्तकात नाही. मुले ती घरात आणि नाक्यावर शिकतात. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, हा शब्द आपल्या तोंडून तशा अर्थाने निघू देऊ नका. आणि विद्यार्थ्यांनो, मुरूडच्या सहलीला जाल तेव्हा किल्ल्याच्या तोफा मोजून परत येऊ नका. हा किल्ला राखणारी माणसे कोठून आली, कशी आली, हे विचारा. ज्यांचे आजोबा-पणजोबा आफ्रिकेत गेले असतील, त्यांनी घरातील जुनी पत्रे जपून ठेवा. तोही इतिहासच आहे.