पाण्याची खबर आणि अडलेला पडदा



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, दहाजणांना विचारून. तेव्हा संगणकाच्या प्रोग्रॅमवर आम्ही बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आज हजेरी, पगार, बँक, पुराची खबर, सारे पडद्यावर येते. आणि पडदा अडला की बोलणी खातो तो त्याच्यासमोर बसलेला नोकर. म्हणून पडदा का अडतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

दाखला आपल्या पंचगंगेचाच घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. समजा, तिथले यंत्र दर काही मिनिटांनी पातळी कळवते आणि शहरातल्या एका कचेरीत कारकून ती पडद्यावर वाचतो. दोन यंत्रांच्या या बोलण्याचे दोन्हीकडचे जे टोक, त्याला सॉकेट म्हणतात. १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून ही रीत पुढे जगभर पसरली.

आता अशा प्रोग्रॅमात बहुधा एकच गडी राबतो. खिडकी रंगवायची त्याने, कळ दाबली की धावायचे त्याने, सॉकेटवरचा मजकूर उचलायचाही त्यानेच. त्याला 'खबर येईपर्यंत थांब' असा हुकूम दिला, की तो सॉकेटच्या दारात बसून राहतो आणि बाकीची कामे खोळंबतात. आपण म्हणतो, संगणक हँग झाला. यात घातक गोष्ट ही, की जुना आकडा पडद्यावर तसाच उभा राहतो. नदी ४३ वर पोचलेली असते आणि पडदा ३९ सांगत असतो! २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

मग करावे काय? राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. खिडक्यांचे प्रोग्रॅम बनवण्याचा 'क्यूटी' नावाचा एक संच आहे. नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीचा हा संच १९९५ साली प्रथम लोकांपुढे आला. त्यात हीच रीत आहे. मजकूर आला की सॉकेट 'रेडीरीड' असा इशारा देते, त्या इशाऱ्याला जोडून ठेवलेले काम तेवढ्यापुरते होते आणि गडी पुन्हा मोकळा. जोडणी झाली, तुटली, बिघाड झाला, प्रत्येकाचा इशारा वेगळा. मात्र जोडलेले काम आटोपशीर हवे. तेच लांबले तर खिडकी पुन्हा अडते.

इथे दोन खाचा आहेत. पहिली ही, की इशारा आला म्हणजे निरोप पुरा आला असे नाही. टीसीपीने येणारा मजकूर धारेसारखा वाहत येतो. '४३' मधला '४' आधी येईल, '३' मागाहून. म्हणून निरोपाच्या शेवटी खूण ठेवावी आणि ती दिसेपर्यंत आलेले साठवावे. दुसरी खाच शांततेची. वायर तुटली, वीज गेली, तर जोडणी तुटल्याचा इशारा लगेच मिळेलच, असे नाही. म्हणून प्रोग्रॅमात घड्याळ लावावे. ठरल्या वेळेत खबर आली नाही, तर पडद्याने आपणहून लाल अक्षरांत सांगावे, 'खबर थांबली आहे'. आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ छापावी.

बंधूंनो, पडदा अडणे हे नशीब नव्हे. कुणीतरी प्रोग्रॅम लिहिताना तसे ठरवलेले असते, किंवा ठरवायचे विसरलेले असते. म्हणून आमची मागणी साधी आहे. नवा प्रोग्रॅम घेण्याआधी, रोज त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या देखत एकदा वायर उपसून पाहा. खिडकी हलते का आणि खरे बोलते का, हे त्याला पाहू द्या. तो 'ठीक' म्हणेल तेव्हाच पैसे मोजा. ज्याला जाब द्यावा लागतो, त्याला तपासण्याचा हक्कही असला पाहिजे.