हरणांचे कुरण आणि तरोट्याची निंदणी



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना, अणुशक्ती असे विषय मी आजवर खाली बसून ऐकले. यंदा चालकांनी मला वर बसविले आणि विषय तुमच्या मनाचा घ्या म्हणाले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि मजुरांच्या सभांतून झाले. म्हणून ज्या कामात माझे हात मळले आहेत तेच काम आज तुमच्यापुढे मांडतो. जंगलातल्या कुरणात जे तण माजते ते कसे काढावे, आणि ते काढणाऱ्या माणसांचे काय, एवढाच माझा विषय आहे.

हरणांच्या चाऱ्याची चिंता गावातल्या माणसाने का करावी, असे कुणी विचारील. त्याने किनवटच्या आसपास, रानाला लागून असलेल्या शेतावर रब्बीत एक रात्र जागल करावी. जंगलात गवत उरले नाही की रोही आणि चितळ हरभऱ्यात उतरतात, आणि शेतकरी थंडीत पत्र्याचा डबा वाजवीत बसतो. दुसरे असे की, २०१९ साली टिपेश्वरच्या अभयारण्यातून गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला, आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोलीचा मुलूख तुडवीत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघ जिथे हरीण असेल तिथेच टिकायचा, आणि हरीण जिथे गवत असेल तिथे. म्हणजे सगळा हिशोब शेवटी गवतापाशी येतो.

अमेरिकेत शिकारी लोक हरणांना बोलावण्यासाठी रानात क्लोव्हर पेरतात. आपल्याकडे बागायतदार गुरांसाठी बरसीम पेरतात, त्याच जातीतले हे तिपानी गवत. ते मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत साठविते. पण गंमत अशी की दोनतीन वर्षांत जमीन सकस झाली की त्याच सकसपणावर तण माजते आणि क्लोव्हरला दाबते. रुंद पानाच्या तणाला मारणारे औषध फवारावे तर क्लोव्हरही रुंद पानाचेच, तेही जळते. म्हणून तिथले जाणते लोक तण फुलावर आले, बी धरण्याच्या आत, की वरून कापणी करतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले, शिकारीसाठी पेरण्याचा प्रश्न उरला नाही. पण अभयारण्यांतून हरणांसाठी कुरणे राखावी लागतात, आणि बी पडण्याच्या आत हात घातला पाहिजे हा नियम तिथेही तोच आहे.

ही कुरणे पुष्कळ ठिकाणी उठलेल्या गावांच्या जागी आहेत. ताडोब्यातले नवेगाव आणि जामणी, मेळघाटातले कोहा, कुंड, बोरी ही गावे बाहेर वसविली गेली. गावे उठविण्याचा प्रश्न मोठा आहे. तो आजचा विषय नाही, पण तो मी विसरलो आहे असे समजू नये. लोकांची समजूत अशी की गाव उठले म्हणजे आपोआप गवत येते. तसे होत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे बसली, शेणखताचे ढीग लागले, ती जमीन फार सकस असते, आणि उघडी असते. पहिल्याच मृगात तिथे तरोटा उठतो. त्याच्या मागे रानतुळस, कडेने घाणेरी, आणि वाटेवर गाजरगवत. म्हणजे अमेरिकेत क्लोव्हरने जे केले ते इथे आपल्या गाईम्हशींनी केले!

यांतली तरोट्याखेरीज बाकीची तिन्ही परमुलखातली आहेत. घाणेरी बागेची शोभा म्हणून अमेरिका खंडातून आणली आणि ती रानात निसटली. रानतुळसही तिकडचीच, तिच्या उग्र वासामुळे जनावर तिला तोंड लावीत नाही. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेत आले; ते परदेशी गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगतात. त्याचे एक झाड हजारो बिया टाकते, आणि ते उपटणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटते, कातडी फुटते. हातमोजे मागितले की काही साहेब हसतात. त्यांनी एक दिवस उपटून पाहावे.

तरोटा मात्र आपला. त्याची कोवळी भाजी आषाढात आपण सगळेच खातो. बी व्यापारी विकत घेतात. पण पाला थोराड झाला की हरीण त्याला शिवत नाही. त्याच्या दाट सावलीखाली मारवेल, पवन्या, शेडा ही खरी चाऱ्याची गवते पिवळी पडतात. शिवाय जनावर चांगले गवत वेचून खाते आणि तरोटा सोडते, म्हणजे चरणारेच नकळत तरोट्याची राखण करतात. त्याच्या बियांचे टरफल इतके कठीण की त्या मातीत कैक वर्षे जिवंत पडून राहतात. एका वर्षाची चूक पुढे चारपाच वर्षे उगवत राहते.

आता काढायचा कसा? पुष्य-आश्लेषात जमीन ओली असते. झाड वीतभर असते. तेव्हा मुळासकट उपटले तर सबंध येते. विळ्याने वरचे वर छाटले तर बुडखा फुटतो आणि एकाच्या चार फांद्या होतात. राहिलेले दुसऱ्या फेरीला पूर्वात काढावे. हस्त लागला की शेंगा भरतात; मग उपटून काढले तरी वाहून नेताना बी सांडत जाते, आणि आपणच पेरणी करतो. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी एक रीत सांगितली आहे. कुदळीने जमिनीखाली दोन बोटांवर मुख्य मूळ तोडायचे आणि सारे झुडूप उलटे करून ठेवायचे. मग ते पुन्हा रुजत नाही. मोकळी झालेली जागा मात्र मोकळी ठेवता येत नाही. तिथे मारवेलाचे ठोंब लावावे, पवन्याचे बी हाताने गोळा करून पावसाआधी फेकावे. अमरावती जिल्ह्यातले गवतांचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटापासून ताडोब्यापर्यंत वनखात्याबरोबर याच विषयात काम केले आहे. औषध फवारा, असे सांगणारे भेटतात. पण रुंद पानाचे औषध गवताबरोबर उगवणारा रानमूगही मारते, आणि रानमूग हरणांच्या आवडीचा. खुरप्याला रानमूग आणि तरोटा यांतला भेद कळतो, कारण ते धरणाऱ्या बाईला कळतो.

या भेदाची किंमत मात्र हजेरीपटावर दिसत नाही. काम उक्ते दिले, म्हणजे इतक्या जागेला इतके पैसे असे ठरविले, तर बाई काय करणार? भराभर विळा चालविणार. तिच्या घरी चूल आहे. जागा साफ दिसते, बिल निघते, आणि पंधरा दिवसांत तरोटा चौफांदी उभा राहतो. रोजंदारीने काम दिले तर ती वाकून मूळ काढते. हा फरक मला कोणत्या ग्रंथात सापडला नाही. दहा-बारा बायकांबरोबर दोन पावसाळे चाललो तेव्हा कळला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मी कचरतो आहे. तेरा-चौदा वर्षांपूर्वी एका कुरणावर आमच्या संघटनेच्या बायका कामाला होत्या. जागेचे नाव घेत नाही, ठेकेदाराचेही नाही. पहिली निंदणी उत्तम झाली. पोळा आला तरी पहिल्या महिन्याची मजुरी नव्हती. बैलाला झूल घालायची ऐपत नसलेली माणसे सणाला रिकाम्या हाताने घरी गेली. मी सभा घेतली आणि ऐन पूर्वा नक्षत्रात काम बंद केले. पाच आठवडे बंद चालला. मजुरी मिळाली, पैनपै मिळाली. आम्ही गुलाल उधळला. दसऱ्यानंतर एका म्हातारीने मला कुरणावर नेले. कमरेएवढा तरोटा, आणि वाऱ्याने शेंगा खुळखुळत होत्या. ती म्हणाली, “दादा, आपलं काम आपणच खाली टाकलं की.”

मागणी न्याय्य होती, हे मी आजही म्हणतो. पण पुढची तीन वर्षे त्या कुरणावर गवत वर आले नाही. खालच्या गावातल्या शेतकऱ्यांनी हरभऱ्याचे नुकसान सोसले, त्यांत आमच्याच बायकांची रानेही होती. कापडाच्या गिरणीत बंद केला तर माग थांबतो, आणि तंटा मिटला की पुन्हा त्याच धाग्यापासून सुरू होतो. रानातले काम तसे थांबत नाही. ही गोष्ट मी गिरणी-कामगारांच्या पुस्तकांतून संघटना शिकलो म्हणून मला दिसली नाही, की त्या दिवसांत विजयाची नशा होती म्हणून, हे मला ठरविता आलेले नाही.

त्यानंतर आम्ही काम घेताना दोन अटी घालतो. पुष्यापासून हस्तापर्यंत संघटना काम बंद करणार नाही. आणि त्याच मुदतीत मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात पडली पाहिजे, काम रोजंदारीनेच झाले पाहिजे, आणि हातमोजे मिळाले पाहिजेत. दुसरी अट पाळली गेली नाही तर पहिली सुटते. कुरणाबाहेरच्या बांधावरचा आणि वाटेवरचा तरोटा बायकांनी बियांसाठी राखावा, विकावा, त्यावर कुणी हक्क सांगू नये, हेही त्यात लिहिले आहे. ही पहिली अट आमच्यांतल्या तरुणांना मान्य नाही. ऐन हंगामातच तर मजुराच्या हातात जोर असतो, तो तुम्ही आधीच लिहून दिलात, असे ते मला तोंडावर म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. येत्या रोहिणीत, कामे ठरण्याआधी, संघटनेची सभा आहे. तिथे हा वाद पुन्हा निघणार. त्या सभेला ती म्हातारी येणार आहे, आणि आपल्यापैकी ज्यांची रानालगत शेती आहे त्यांनीही यावे, अशी माझी विनंती आहे.