पसारा कुणाचा, घर कुणाचं?

(उंब्रज इथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



घट बसायला आता आठ-दहा दिवस राहिलेत. म्हणजे तुम्ही इथे बसलात खऱ्या, पण मन घरी आहे. माळ्यावरची भांडी उतरवायचीत, जळमटं काढायचीत, वाकळा नदीवर न्यायच्यात. या दिवसांत कृष्णेच्या नाही तर तारळीच्या काठाला जाऊन बघावं, दगडादगडावर वाकळा वाळत पडलेल्या. पुरुषमाणूस औषधालासुद्धा सापडत नाही. फार तर गाडीवरून गाठोडं आणून टाकतो आणि चहाला निघून जातो.

म्हणून मी आज घर आवरण्यावर बोलणार आहे. एक ताई मघाशी म्हणाल्या, "तुम्ही नेहमी कायद्याचं बोलता, आज हे काय काढलंत?" शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच सांगा हा विषय कायद्याचा आहे की नाही.

घरातला पसारा कमी झाला की मन शांत होतं असं सगळेच सांगतात. ते खोटं नाही. दिवसभर गावोगाव फिरून मी घरी येते आणि कॉटवर न घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग दिसतो. पाय तिथेच गळतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 30 नोकरदार जोडप्यांचा अभ्यास झाला होता, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शरीरात ताणाशी संबंधित एक द्रव्य असतं, कॉर्टिसॉल. सकाळी ते जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं. ज्या बायका आपलं घर पसाऱ्याचं, अर्धवट कामांचं आहे असं सांगत होत्या, त्यांच्यात ते नीट उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये मात्र असा संबंध दिसला नाही.

असं का बरं? घर एकच, ढीगही तोच. पण त्याला तो ढीग दिसतो आणि तिला त्यात काम दिसतं. आपल्या देशात 2019 मध्ये सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष चारातले एक!

जपानच्या मारी कोंडो या बाईंनी घर आवरण्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं. वस्तू हातात घ्या, आनंद देत असेल तर ठेवा, नाही तर काढून टाका, अशी त्यांची रीत. त्याच बाईंनी 2023 मध्ये सांगितलं, की तिसरं मूल झाल्यापासून घर नीटनेटकं ठेवण्याचा हट्ट मी बराचसा सोडलाय. मला ते वाचून फार बरं वाटलं. आवरण्याची एवढी मोठी जाणकार, पण लेकरं लहान असली की तिचंही घर पसरतंच. तेव्हा पसारा दिसला की "मीच आळशी" असं कुणी स्वतःला म्हणू नका.

आता दुसरी गोष्ट. काढून टाका म्हणतात, पण काढून टाकायचा अधिकार कुणाला आहे? एका गटात मी बायांना विचारलं, घरातली कोणती वस्तू तुम्ही कुणाला न विचारता मोडीत घालू शकता? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "माझ्या जुन्या साड्या. बोहारणीला देते." बाकी गंजलेला पंप मालकांचा, पितळी घंगाळ सासऱ्यांचं, मोडकी सायकल दिराची. झाडायचं, पुसायचं, उचलून ठेवायचं आपण. ठेवायचं की टाकायचं हे ठरवणार दुसरे.

त्याच गटातली एक सून सासूच्या चेपलेल्या तांब्यावरून रोज कुरकुर करायची. शेवटी एकदा विचारलं, तेव्हा कळलं की सासूच्या माहेरचा तेवढा एकच जिन्नस उरलाय. पन्नास वर्षं त्या घरात राबून तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. म्हणून सांगते, दुसऱ्या बाईची वस्तू विचारल्याशिवाय टाकू नका.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते. एक बाई आमच्याकडे आली, हातात एक पिशवी आणि कडेवर मूल. चौदा वर्षं तिने ते घर आरशासारखं ठेवलं होतं. कुठल्या डब्यात काय आहे हे अंधारात सांगेल अशी. पण रेशनकार्ड नवऱ्याच्या कपाटात, लग्नाचे फोटो दिराकडे, दागिन्यांच्या पावत्या कुठे ते ठाऊक नाही. वडिलांनी कर्ज काढून दिलेली भांडी फळीवर, आणि त्यांच्यावर नाव घातलेलं सासऱ्यांचं. जिन्नस हिचा होता, हे दाखवायला हातात एक चिठोरा नव्हता.

कायदा काय म्हणतो? माहेरून किंवा सासरहून बाईला मिळालेलं स्त्रीधन तिचंच असतं. नवऱ्याच्या घरात ठेवलं म्हणून ते त्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात 1985 सालीच सांगितलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 चा, तो ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. घर कुणाच्याही नावावर असो, बायकोला त्यात राहण्याचा हक्क आहे, आणि मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत द्यायचा हुकूम करू शकतात. गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असं राज्य शासनाने 2003 मध्ये ठरवलं. हे काही आकाशातून पडलं नाही. आपल्याच सातारा-सांगली भागात 1980 च्या दशकात टाकलेल्या बायांनी वेगळं रेशनकार्ड आणि घराला जागा मागत मोर्चे काढले. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यांच्या पुढे होत्या. त्या बायांचं मागणं एवढंच होतं, की मला माझा चुलवाण मांडायला माझी जागा द्या.

तर या घटाला आवरायला काढाल तेव्हा चार गोष्टी करा.

पहिली, एकटीने करू नका. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वस्तू खाली उतरवायच्या आणि काय ठेवायचं ते त्यानेच ठरवायचं. पोरालाही वाकळ पिळता आली पाहिजे.

दुसरी, भांडी घासून मांडताना वही जवळ ठेवा. माहेरून काय आलं, कुणी दिलं, कुठल्या साली, ते लिहून काढा. दागिने अंगावर घालून फोटो काढा.

तिसरी, रेशनकार्ड, लग्नाच्या नोंदीचा दाखला, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घाला. एक संच घरात, एक खात्रीच्या मैत्रिणीकडे. ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघून या.

चौथी, रिकामी झालेली जागा लगेच दुसऱ्या कुणाच्या सामानाने भरू देऊ नका. एक फळी, एक कोनाडा, एक ट्रंक तरी तुमची असू द्या, जिला दुसरं कुणी हात लावणार नाही.

घर शांत व्हावं असं मलाही वाटतं. पण "उद्या मला बाहेर काढलं तर?" ही धाकधूक मनात घेऊन जी बाई झोपते, तिला रिकामी फळी काय शांती देणार? जळमटं काढाच. त्याबरोबर ही भीतीही काढू या. आणि नदीवर जाल तेव्हा गाठोड्याचं दुसरं टोक मालकांच्या हातात द्या.