पाण्यात उतरताना अंगात काय घालावं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मला असा विषय कोणी दिला नसता. तेव्हा पोहायला जायचं म्हणजे जुनी हाफपँट आणि पाठीला बांधलेला डबा. आता काळ बदलला. वडखळ नाक्यावरून एक रस्ता धरमतरच्या पुलावरून अलिबागला जातो, दुसरा नागोठण्यावरून कोलाडला. सुट्टी लागली की आपली मुलं दोन्हीकडे पाण्यात असतात. दिवाळीत मालवण ठरलेलं. आणि निघण्याआधी मला विचारतात, “काका, वेटसूट कुठला घेऊ?”

उत्तराआधी माझी चूक सांगतो. माझ्या पुतणीला समुद्रात लांब पल्ल्याचं पोहण्याची आवड लागली. कौतुकानं मी तिच्यासाठी ऑनलाइन वेटसूट मागवला. पाच मिलिमीटर जाड, मनगटापासून घोट्यापर्यंत. महाग आणि जाड, म्हणजे चांगलाच असणार, असा माझा हिशेब. मे महिन्यात अलिबागच्या समुद्रात सराव होता. मी होडीत, ती पाण्यात. अर्ध्या तासात तिचे हात मंदावले. “काका, गरगरतंय,” म्हणाली. तिला वर घेतलं, पाठीची चेन उघडली, तर चेहरा लालबुंद. होडीतच उलटी झाली. सावलीत बसवून, पाणी पाजून बऱ्याच वेळानं ती सावरली. घरी वहिनी एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बरोबर होतात म्हणून पाठवलं होतं.” ते वाक्य मला अजून टोचतं. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला.

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. नावातच ‘वेट’ आहे. तो निओप्रीन नावाच्या रबराचा असतो आणि त्यात वायूचे बारीक बुडबुडे असतात. सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो आणि बुडबुड्यांमुळे ती ऊब बाहेर जात नाही. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीस पट वेगानं ओढून घेतं, म्हणून थंड देशांत ही सोय लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं असा सूट तयार केला, तो तिथल्या गार पाण्यासाठी. आपला समुद्र मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास असतो. त्यात जोरात हात मारणाऱ्या मुलीला मी जणू रजई पांघरली होती!

म्हणून खरेदीआधी तीन प्रश्न विचारा. पाणी किती गार आहे? किती वेळ राहायचं आहे? आणि अंग हलणार आहे की स्थिर राहणार आहे?

आता एकेक खेळ घेऊ. लांब पल्ल्याचं पोहणं म्हटलं की आपल्या दाराशीच धरमतर आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर महाराष्ट्रातले कितीतरी जलतरणपटू पोहून गेलेत. इंग्लिश खाडीच्या परंपरेत तर वेटसूट चालतच नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल आणि कातडी घासू नये म्हणून ग्रीस, बस्स. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पूर्ण केल्या. तेव्हा आपल्या कोमट पाण्यात सूट नसला म्हणून कमीपणा मानू नका.

मालवण-तारकर्लीचं स्कूबा वेगळं. तिथे अंग जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे हळूहळू गारवा शिरतो. शिवाय खडक, प्रवाळ आणि जेलीफिश असतात. दोन-तीन मिलिमीटरचा सूट तिथे योग्य. एक लक्षात ठेवा, दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, निओप्रीन दबतं आणि ऊब कमी होते. वर असताना हाच सूट माणसाला तरंगवतो, म्हणून कमरेला वजनं लावतात. ती किती हे प्रशिक्षकच ठरवणार.

कोलाडचं राफ्टिंग. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत सुटतं, त्यावर हा खेळ चालतो. तिथे वेटसूट नसला तरी भागतं. लवकर वाळणारे कपडे आणि पायात घट्ट बसणारे बूट पुरे. पण लाइफ जॅकेट आणि हेल्मेट हवंच. सूट तरंगतो म्हणून जॅकेट काढणारे महाभाग मी पाहिलेत. बाबांनो, सूट बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर धरत नाही!

कयाक किंवा बनाना बोटसाठी लांब बाह्यांचा पातळ लायक्राचा टी-शर्ट, ज्याला रॅश गार्ड म्हणतात, तो उत्तम. ऊन आणि घासणं दोन्हीपासून बचाव. ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात सर्फिंग करतात त्यांना मात्र जाड सूट लागतो. ४/३ लिहिलं असेल तर छाती-पोटाला चार मिलिमीटर, हातापायांना तीन, असा अर्थ.

माप महत्त्वाचं. सूट कातडीला चिकटून बसला पाहिजे. सैल असेल तर गार पाणी आत-बाहेर खेळत राहतं, उपयोग शून्य. पण गळ्याशी आवळला तर चक्कर येते. घालून हात वर करा, उकिडवे बसा, दीर्घ श्वास घ्या. तिन्ही जमलं तरच घ्या. पाय सरकत नसेल तर आधी पायावर प्लास्टिकची पिशवी चढवा. चेन बहुधा पाठीकडे असते, पुढे घेऊन हसं करून घेऊ नका. वाढत्या वयाच्या मुलांसाठी विकत न घेता भाड्यानं घ्या. “पुढच्या वर्षी बसेल” हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, इथे नाही. वापरल्यावर गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, जाड हँगरवर सावलीत वाळवा. टाकीचं पाणी सुटण्याची वेळ तेवढी सांभाळा!

माझी पुतणी आजही पोहते. तो सूट मी माळ्यावर ठेवलाय, टाकलेला नाही. तो दिसला की किंमत बघून नाही, तर पाणी बघून निवडायचं, हे आठवतं. मुलांना पाण्यात जरूर पाठवा, पण निघण्याआधी ते तीन प्रश्न विचारा.